मधला पडदा

आमच्या गावात व्हायोलिन शिकवणारी मी एकटीच, त्यामुळे उन्हाळी संगीत महोत्सवाच्या स्पर्धेत लेक उतरली तरी परीक्षकाची खुर्ची मलाच मिळाली. पक्षपात नको म्हणून मुलं पडद्याआडून वाजवत होती. पावलांवरूनही कुणी ओळखू येऊ नये, म्हणून बूटसुद्धा दाराबाहेर काढायला लावले होते. पण आईचे कान कसे फसतील? एकीनं तारांवर गज टेकवण्याआधी सूं करून नाक ओढलं आणि मी कपाळावर हात मारला. लेकीची ही सवय सुटावी म्हणून घरी मी घसा कोरडा केला होता! लेकीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून मी हात आखडता घेऊनच गुण दिले. पुढची मुलगी मात्र इतकं मोकळं वाजवत होती, की तिला पैकीच्या पैकी देताना मला तिच्या आईचा चक्क हेवा वाटला. बाहेर आले, तर परगावची एक अनोळखी मुलगी बूट शोधता शोधता सूं सूं करत होती. तिला सर्दी झाली होती. शेजारीच माझी लेकही बूट शोधत होती. "मग तू कधी वाजवलंस?" मी लेकीला विचारलं. "हिच्या लगेच नंतर." आल्या पावली आत जाऊन मी त्या सर्दीवाल्या मुलीचे गुण वाढवून घेतले, तरी डोक्यातला गुंता सुटेना. बाहेर येऊन मी लेकीला विचारलं, "अगं, मग घरी अशी का नाही वाजवत?" बुटाची नाडी बांधत ती म्हणाली, "घरी मध्ये पडदा कुठे असतो, आई?"