वाचलं. उत्तम!

गिट हे सगळ्यांचा कोड एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर शिकवताना टीम लीड सरांनी बजावलं होतं, “एकाचा कोड दुसऱ्यानं वाचून मंजूर केल्याशिवाय मेन ब्रँचमध्ये, म्हणजे मुख्य प्रतीत, जायचा नाही.” माझा कोड वाचायला स्वतः सरच. त्यांचा वाचनाचा वेग दांडगा. माझ्या चारशे ओळी ते चहाचा घोट गिळायच्या आत मंजूर करत. शेरा ठरलेला: “वाचलं. उत्तम!”

बहिणीच्या लग्नासाठी पाच दिवस रजा मागितली, तर म्हणाले, “रिलीज तोंडावर आहे. लग्नं काय, होतच असतात.”

शुक्रवारी कोड पाठवताना दोनशे बाराव्या ओळीवर मी मराठीत टीप लिहिली, ‘सोमवारपासून पाच दिवस मी रजेवर आहे.’ मिनिटात शेरा आला, “वाचलं. उत्तम!”

सोमवारी हळदीच्या हातांनी फोन उचलला. सर कडाडले, “रजा मंजूर कोणी केली तुझी?”

“तुम्हीच, सर. वाचून.”