नवा नंबर

आरटीओ साहेब, तुम्ही माझ्या बाबांना चोर ठरवलं. पनागरच्या शेतात बारा वर्षं वेलींखाली गंजत पडलेला ट्रॅक्टर त्यांनी रीतसर विकत घेतला अन् चेरीतालच्या अंगणात आठ महिने खपून चालू केला. कागदोपत्री नावावर करायला तो तुमच्यासमोर आणला, तेव्हा विकणारे पटेलजीही म्हणाले, "साहब, हमने ही बेचा है." तुम्ही विचारलं, "चेसिसवरचा जुना नंबर कुठाय?" बाबा छाती फुगवून म्हणाले, "घासून काढला. नवा ठोकला." सरकारी कारखान्यात तीस वर्षं त्यांनी हेच केलं: गाडी खोलून नव्यानं बांधली, की जुना नंबर घासायचा, नवा ठोकायचा. नंबर घासला म्हणजे चोरीचाच माल, म्हणत तुम्ही ट्रॅक्टर जप्त केला. तेव्हापासून बाबा विचारून राहिले, "शर्मिला, काहून नेला? नंबर वाकडा पडला का?" मलाच समजून नाही राहिलं. तुम्ही सांगा, सरकारनं शिकवलेलं काम सरकारलाच चोरी काहून वाटते?