राक्षस ओरडल्याशिवाय

लेक अश्वजितच्या वाढदिवसाला इंदूरच्या घरी मंजुळाने त्याच्या लहानपणीच्या आवडत्या जादूच्या सिनेमातलं जेवण रांधलं. राक्षसाचे डोळे म्हणजे गुलाबजाम, जादूगाराची दाढी म्हणजे शेवयांची खीर, उडता गालिचा म्हणजे पराठा. सिनेमात राक्षस ओरडल्याशिवाय पंगत बसत नसे. म्हणून घरातही राक्षसाची आरोळी समजून मिलचा भोंगा वाजेपर्यंत पोरगा कुणाला घास घेऊ देत नसे. मिल बंद पडल्यावर त्याचे वडील कचरू दारात उभे राहून स्वतःच ओरडायचे. आता त्यांच्या फोटोला हार होता. बंगळुरूहून अश्वजितचा फोन आला. “सिनेमावालं जेवण बनवलं ना, आई? खाऊन घे, ठंडं होऊन जाईल.” “राक्षस कुठे ओरडला रे अजून?” अश्वजित हसला. “तू पण ना! ठेवतो, इथे सगळे केकसाठी थांबलेत.” मंजुळाने दार लावलं. शेजारी ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात ती ओरडली, आणि ताटावर बसली.