चार बोटांचा हात

जुन्नरच्या रुक्सानानं राजुरीच्या धोंडाबाईंचं चित्र जुन्या लघुचित्रांच्या धाटणीत, जलरंगांत काढलं: बाजूनं चेहरा, मोठा डोळा, हातात गुलाब. "उजव्या हाताला चारच बोटं? पाचवं काढा, वास्तुशांतीला पावणं येणारेत," त्यांच्या मुलानं बजावलं. रुक्सानाचं डोकं तडकलं, पण तिनं मुकाट्यानं बोट काढलं. नव्या बंगल्यात पाहुण्यांसमोर चित्रावरचा कपडा सरकला आणि धोंडाबाई कडाडल्या, "ह्यो हात माजा न्हाई! कडबाकुट्टीच्या मशीनीत बोट गेलं, तरी दुसऱ्या दिशी ह्याच हातानं धारा काढल्या. त्या दुधावर शिकलास, आन आता लाज वाटती?" मग त्या रुक्सानाकडं वळल्या. "तू तर महिनाभर माज्या हाताकडंच बघत व्हतीस ना गं?" रुक्सानाला स्वतःचाच संताप आला. चित्राला काच बसली नव्हती. तिनं ओढणीचं टोक भिजवलं आणि सगळ्यांदेखत ते बोट पुसून टाकलं.