शंभरात नव्वद

कोलकात्यात संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असलेल्या तोर्षाने वर्गात नुकताच शिकलेला हिशेब आत्याला, तिच्या पिशीला, ऐकवला. "पिशी, छातीच्या पहिल्या तपासणीत शंका निघालेल्या शंभर बायकांत नव्वद जणींना काहीच नसतं. उगाच जिवाला घोर लावू नकोस."

पिशी निर्धास्त झाली. पुढची तपासणी टाळून दुर्गापूजेच्या खरेदीला लागली.

दोलच्या, म्हणजे होळीच्या, सुमारास गाठ हाताला लागली, तेव्हा डॉक्टर रागावले. "इतके दिवस का थांबलात?"

"माझाच आळस, बाबा," पिशी म्हणाली. तोर्षाची मान खाली गेली.

परतताना रिक्षात पिशीने तिचा हात धरला. "तू शिकतेस ना गं, मग सांग, आता माझ्यासारख्या शंभरात किती जणी वाचतात?"

तो आकडा तोर्षाने कालच शोधून काढला होता.

"ते अजून शिकवलं नाही, पिशी."