जाईबाईंचं अक्षर

"इस्कूल नव्हे, स्कूल!" दिगंबररावांनी मंडळींसमोरच बायकोचा उच्चार सुधारला. दिवाणखान्यात स्वतःची भाषा रचणाऱ्या हौशी लोकांची बैठक भरली होती. 'पुट' आणि 'बट'वरून इंग्रजीचे वाभाडे काढून झाले होते. "माझ्या सुबोलीत मराठीसारखा एका अक्षराला एकच उच्चार!" त्यांनी बजावलं.

जाईबाईंनी पोह्यांचा ट्रे टेकवला. "अहो, 'जगात जगायचं' म्हणा बघू."

त्यांनी म्हटलं. मग सगळ्यांनीच म्हणून पाहिलं. ज एकच, उच्चार दोन! पोहे गार झाले.

दिगंबररावांनी तिथल्या तिथे 'जगायचं'मधल्या 'ज'साठी नवं अक्षर काढलं. "याला म्हणायचं 'जाई'," ते खाकरून म्हणाले.

जाईबाई ताठ मानेनं आत गेल्या. चाळीस वर्षं नावं ठेवणाऱ्या नवऱ्यानं आज अक्षराला त्यांचं नाव ठेवलं होतं.