केतकीचा शेवटचा तास

"काकू, मी तीनदा केतकी झालेय!" दळण घेऊन आलेली कॉलेजातली मुलगी गिरणीवाल्या इंदुमतीबाईंना कौतुकानं म्हणाली. खून झालेल्या माणसाचा शेवटचा तास आता कुणालाही डोक्यावर टोपी चढवून जगता यायचा, आणि इंदुमतीबाईंच्या लेकीचा तास राज्यभर गाजत होता. त्यांनी स्वतः मात्र तो कधी पाहिला नव्हता.

त्यांनी गिरणी बंद केली. "शेवटी तिनं मला हाक मारली का गं?"

मुलगी गोंधळली. "माहीत नाही, काकू. खुनी कोण ते आधीच कळतं ना. मग सगळेच टोपी काढतात."

इंदुमतीबाईंनी तिच्याकडून टोपी मागून घेतली. लेकीजवळ शेवटपर्यंत कुणीतरी थांबायला हवं होतं.